उत्तर पुस्तकात नाही

"आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, "काही नाही." सहा-सात तास शाळेत घालवून आलेले मूल दप्तर कोपऱ्यात टाकते, बूट काढते आणि सरळ स्वयंपाकघरात शिरते. आईला वाटते, सांगायचा कंटाळा करतो आहे. खरे तर तो खोटे बोलत नसतो. फळ्यावरचे वहीत उतरले, वहीतले डोक्यात उतरायचे आहे आणि परीक्षेच्या दिवशी डोक्यातले पुन्हा कागदावर उतरवायचे आहे. या सगळ्या उतरवाउतरवीत त्याच्या बाजूने खरोखरच काही घडलेले नसते.

शिकणे मुलांना थोडे कठीण वाटावे आणि तरीही ते आपले वाटावे, यासाठी वर्गात काय करता येईल, हा प्रश्न तसा जुनाच. पण तो नव्याने विचारायला जबलपूरइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. मोठमोठ्या शहरांतल्या शाळा मुलांना वस्तुसंग्रहालये दाखवायला बसने नेतात. जबलपुरात मात्र वस्तुसंग्रहालय उघड्यावरच पडलेले आहे. भेडाघाटला नर्मदेने संगमरवर कापून वाट काढली आहे, मदन महालच्या टेकडीवर एका शिळेवर दुसरी शिळा तोल सावरून बसली आहे आणि बडा शिमला टेकडीच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे आहेत.

या हाडांची गोष्ट तर शाळाशाळांतून सांगायला हवी. ठगांच्या बंदोबस्तासाठी नाव कमावलेले इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांना १८२८ साली या टेकडीवर दगड झालेली मोठाली हाडे सापडली. तेव्हा 'डायनासोर' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली तयार केला. म्हणजे प्राण्याला नाव मिळण्याच्या चौदा वर्षे आधी जबलपूरकरांच्या हातात त्याचे हाड होते! पुढे १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी इथल्याच अवशेषांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. नंतर ही हाडे कुठेतरी गहाळ झाली आणि सुमारे शतकभर कुणालाच सापडेनात. अगदी अलीकडे, २०१२-१३च्या सुमारास, धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातले एक हाड कोलकात्याला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडले.

एवढे सगळे घराच्या मागे असताना इथली मुले डायनासोर पाहतात ते टीव्हीवर, अमेरिकेतले.

लिंबू, दगड आणि अंड्याचे टरफल

रांझी भागातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका मराठी शिक्षिकेला हीच गोष्ट खुपत होती. भोसल्यांच्या काळापासून नर्मदेकाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक घराणे. घरी मराठी, बाजारात हिंदी, वर्गात हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. मुले त्यांना 'मॅडम' म्हणतात, पण घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या 'बाई'च. आपणही बाईच म्हणू.

बाईंच्या वर्गात धडा होता खडकांचा. 'संगमरवर हा चुनखडीपासून बनलेला रूपांतरित खडक आहे' हे वाक्य मुले दरवर्षी घोकतात, लिहितात आणि गुण मिळवतात. त्या वर्षी बाईंनी धडा शिकवलाच नाही. आदल्या दिवशी सांगितले, "उद्या येताना घरून पांढऱ्या वस्तू आणा. अंड्याचं टरफल, फरशीचा तुकडा, भेडाघाटच्या दुकानाबाहेर पडलेली खपली, मोडकी मूर्ती, काहीही. आणि प्रत्येक गटाला एक लिंबू."

चौघाचौघांचे गट झाले. बाईंनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: 'यांतल्या कशावर लिंबू पिळलं तर फेस येईल? आधी अंदाज लिहा, कारण लिहा, मग पिळा.'

अंदाज जवळजवळ सगळ्यांचा एकच होता. पांढऱ्या दगडाला फेस येणार, कारण पुस्तकात संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. टरफलाला येणार नाही, कारण तो दगडच नव्हे. लिंबू पिळले आणि सगळे उलटे झाले. टरफलावर बुडबुडे उठले. कुणाच्या तरी घरच्या फरशीच्या तुकड्यावरही उठले. भेडाघाटच्या खपलीवर मात्र जवळजवळ काहीच झाले नाही. आणि मोडक्या मूर्तीवर तर काही म्हणजे काहीच नाही. तिच्यावर नखाने ओढले तर ओरखडा उठला.

"मॅडम, भेडाघाटचा संगमरवर नकली आहे!" एका गटाने जाहीर करून टाकले.

इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह कुणालाही झाला असता. तास संपायला वीसच मिनिटे उरलेली. बाईंनी फक्त विचारले, "नकली आहे हे कसं ठरवणार?" आणि त्या गप्प राहिल्या. हे गप्प राहणे साधे नसते. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतले संवाद टेप करून ऐकले. त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. नंतर एकतर स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांब होतात, त्यांत कारणे येतात आणि नेहमी मागे बसणारी मुलेही बोलू लागतात. नुसते तीन सेकंद! त्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. लागतो तो धीर.

त्या शांततेत मागच्या बाकावरच्या एका मुलाने खपली पायरीवर घासून तिची पूड केली आणि पुडीवर लिंबू पिळले. हळूहळू, अगदी आळसावल्यासारखे, बारीक बुडबुडे उठू लागले.

आता वर्गापुढे खरा प्रश्न उभा राहिला. दगड तोच, मग पूड केल्यावर फेस का? आणि फरशीच्या तुकड्यापेक्षा इतका मंद का? याचे उत्तर असे की, भेडाघाटचा संगमरवर निव्वळ कॅल्शियमचा नाही, त्यात मॅग्नेशियमही आहे. अशा दगडावर सौम्य आम्लाचा परिणाम फार हळू होतो. पूड केली की आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि मगच तो डोळ्यांना दिसतो. मूर्ती मात्र संगमरवराची नव्हतीच. ती होती मऊ शंखजिऱ्याची, जे कोरायला सोपे म्हणून अशा वस्तूंसाठी सर्रास वापरले जाते. हे सगळे एका तासात झाले नाही, तीन तास लागले. पण 'रूपांतरित खडक' हे दोन शब्द त्या मुलांच्या आयुष्यात पहिल्यांदाच जिभेवरून हातात आले.

कठीण किती असावे?

'मुलांना आव्हान द्या' असे म्हटले की पुष्कळ पालकांना आणि शिक्षकांनाही वाटते, जास्त गणिते द्या, वरच्या इयत्तेचे पुस्तक आणा, ऑलिम्पियाडच्या क्लासला घाला. हे आव्हान नव्हे, हे ओझे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात हेच बजावले होते. मुलाच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे जास्त जड असते, असा त्या अहवालाचा सूर होता.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी फार पूर्वी एक मोजमाप सुचवले होते. मूल एकट्याने करू शकते ते एक, आणि कुणाचा तरी हात धरून करू शकते ते दुसरे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात शिकणे घडते. एकट्याने सहज जमते तेच पुन्हा पुन्हा दिले तर मूल कंटाळते. हात धरूनही जमणार नाही ते दिले तर घाबरते. आपल्याकडच्या आयांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असते. पोळी लाटायला शिकवताना त्या मुलीच्या हातात आधी लाटी देतात, सगळी कणीक नाही.

दुसरा शब्द 'उपयुक्त' किंवा 'आपलेसे'. त्याचाही असाच गैरसमज होतो. गणितात 'जॉनकडे पाच सफरचंदे' काढून 'जगदीशकडे पाच पेरू' घातले, की झाला धडा आपलासा, असे नव्हे. पेरू जगदीशचे असले काय आणि जॉनचे असले काय, मुलाला त्याचे काय? उत्तर काय येते याची मुलाला स्वतःला उत्सुकता वाटते, तेव्हाच तो प्रश्न त्याचा होतो.

हिवाळ्यात जबलपूरच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. इथला मटार दूरदूरच्या शहरांत जातो आणि घरोघरी संध्याकाळी शेंगा सोलत बसण्याचा कार्यक्रम असतो. बाईंनी मुलांना सांगितले, "पन्नास शेंगा सोलताना प्रत्येक शेंगेत किती दाणे निघाले ते लिहून आणा. आधी आईला विचारा, साधारण किती निघतील." दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा चौकोनांचा एक डोंगर तयार झाला. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता. सरासरी म्हणजे काय, विविधता म्हणजे काय, पन्नास शेंगांवरून सगळ्या पोत्याबद्दल काय सांगता येते आणि काय नाही, हे सगळे त्या डोंगरात होते. ग्रेगर मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो झाडे मोजून १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम छापले, हे मग सांगावे लागले नाही. मुलांनीच विचारले, "हे मोजून कुणाला काय मिळालं?"

हे आधी झाले आहे

बाई करत होत्या ते काही नवे नव्हते. जबलपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी पकडली, की नरसिंहपूर ओलांडल्यावर बनखेडी आणि पिपरिया ही स्थानके लागतात. याच भागात १९७२ साली आपल्या देशातला विज्ञान शिक्षणाचा एक अतिशय धाडसी प्रयोग सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. (होशंगाबादचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे.) किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने सोळा सरकारी माध्यमिक शाळांत तो सुरू केला. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून खेड्यात आले होते. त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्यांत येऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोचला. १९८२ साली त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था निघाली.

त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे, की त्यात प्रश्न होते, प्रयोग होते, पण तयार उत्तरे नव्हती. मुलांनी चौघांच्या गटात प्रयोग करायचा, दिसले ते आपल्या शब्दांत लिहायचे, मग सगळ्या वर्गाने मिळून त्यावर वाद घालायचा. पाने गोळा करून त्यांचे गट पाडायचे, नाणी उडवून शक्यतेचा हिशेब करायचा. वार्षिक परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायला परवानगी! कारण प्रश्न असे असत, की उत्तर पुस्तकातून उतरवून काढता येणार नाही. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी. मुलांच्या मनात येतील ते प्रश्न पत्राने विचारायला 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते आणि पत्र पाठवणाऱ्या मुलाला खरोखर उत्तर येत असे.

महाराष्ट्राचाही याच्याशी जवळचा धागा आहे. अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवायची त्यांची युक्ती इथेच जन्मली. पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी कचऱ्यातून खेळणी बनवायला सगळ्या देशाला शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याहीआधी, १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवून हाताच्या कामातून शिकवण्याची 'नई तालीम' मांडली. तेव्हा वर्धा आणि जबलपूर एकाच प्रांतात होते.

होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला, इतर जिल्ह्यांत पसरला आणि २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. ही मुले पुढच्या इयत्तांत मागे पडतात अशी तक्रार होती आणि राज्यभर एकच अभ्यासक्रम हवा असा आग्रह होता. देशभरच्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. प्रयोगांच्या पेट्या कपाटात गेल्या. त्या शिक्षकांची मेहनत मात्र वाया गेली नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात 'ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडा, घोकंपट्टी थांबवा' असे जे म्हटले, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीच भाषा आहे.

"परीक्षेत हे विचारतात का?"

धोरणात लिहिणे सोपे, पालकसभेत उत्तर देणे कठीण. बाईंच्या शाळेतल्या पालकसभेत तोफगाडी कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण परीक्षेत दगडावर लिंबू पिळायला सांगतात का?"

सगळे हसले. पण त्या माणसाच्या विचारण्यात टवाळी नव्हती, काळजी होती. आपल्या मुलीने आपल्यापेक्षा पुढे जावे म्हणून तो जादा पाळी करून ट्यूशनची फी भरत होता. एका गुणाने प्रवेश हुकतो हे त्याने पाहिले होते. अशा माणसाला 'गुणांना महत्त्व देऊ नका' असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

दुसरी तक्रार त्याहून अनपेक्षित होती. वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी घरी जाऊन रडली होती. तिची आई म्हणाली, "ती विचारते, मॅडम उत्तर का लिहून देत नाहीत? तिचा अंदाज चुकला तेव्हा सगळी मुलं हसली."

आव्हान दिले की मागच्या बाकावरची मुले फुलतात, एवढेच आपण ऐकतो. पण त्याचा पहिला धक्का बसतो तो हुशार मुलांना. आजवर ज्या खेळात ती जिंकत आली, त्या खेळाचे नियमच बदललेले असतात. पाठ करून लिहिणे हेही कष्टाचे काम आहे आणि त्या मुलीने ते इमानाने केले होते.

बाईंनी दोन्ही तक्रारींवर वाद घातला नाही. पंधरवड्यातून एकच धडा अशा पद्धतीने घ्यायचा आणि बाकीचे नेहमीच्या पद्धतीने वेळेवर पुरे करायचे, असे त्यांनी ठरवले. अंदाज पेन्सिलीने लिहायचा, त्याला गुण नाहीत, तो वाचून कुणी हसायचे नाही, असा नियम केला. अंदाज चुकला तर 'मला आधी काय वाटलं आणि आता काय वाटतं' अशा दोन ओळी लिहायच्या. गुण त्या दोन ओळींना. गटातली कामे दर वेळी बदलायची. एकाने करायचे, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे, एकाने सांगायचे. नाहीतर हुशार मूल सगळे करते आणि बाकीची तिघे वाऱ्यावर.

आणि त्या गृहस्थांना त्यांनी एवढेच सांगितले, "लिंबू पिळायला सांगत नाहीत. पण आता परीक्षाही बदलते आहे. केंद्रीय मंडळाने दहावीला निम्मे प्रश्न समज वापरून सोडवायचे ठेवले आहेत. उतारा, तक्ता, प्रयोगाचे आकडे देतात आणि विचारतात, यावरून काय कळतं? ते पाठ करता येत नाही."

आजीची साक्ष

त्यानंतरचा धडा भूकंपाचा होता. २२ मे १९९७ ला पहाटे जबलपूरला सुमारे सहा रिश्टरचा धक्का बसला. चाळीसच्या आसपास माणसे गेली, हजारो घरांना तडे गेले. आजच्या आठवीतल्या मुलांसाठी ही इतिहासातली गोष्ट, पण घरातल्या मोठ्या माणसांसाठी कालची. बाईंनी प्रश्न दिले: घर कशाचे होते? तडा कुठे गेला, भिंतीच्या मधोमध की खिडकीच्या कोपऱ्यातून? तुम्ही काय केले? काय करायला हवे होते?

मुले घरोघरी बसून लिहू लागली. बाईंच्या स्वतःच्या घरीही मुलाने आजीला गाठले. आजी म्हणाली, "भांडी वाजली तेव्हा मला वाटलं मांजर आलं. मी 'हाड हाड' करत उठले, तर मांजराऐवजी कपाटच चालत होतं!" घरभर हशा पिकला. मग ती जरा थांबून म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

वर्गात शहराचा नकाशा काढून त्यावर टिंबे मांडली. मातीच्या भिंतींची घरे वेगळ्या रंगाने, विटांची वेगळ्या, काँक्रीटची वेगळ्या. खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपे गेलेले तडे पुन्हा पुन्हा दिसू लागले. भिंतीला जिथे भोक असते तिथे ती कमकुवत असते आणि म्हणून दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा बांधायचा असतो, हे स्थापत्यशास्त्र आठवीच्या मुलांना आजी-आजोबांच्या आठवणींतून कळले. मग कुणीतरी विचारले, "आमच्या शाळेला तो पट्टा आहे का?" वर्ग गप्प झाला. प्रश्न मुख्याध्यापकांकडे गेला. उत्तर अजून यायचे आहे. पण असा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाला पडणे, यापेक्षा शिक्षणाचा आणखी मोठा पुरावा कोणता हवा?

मदन महालची तोललेली शिळा त्या भूकंपातही पडली नाही, असे जबलपूरकर अभिमानाने सांगतात. मुलांनी विटांवर विटा ठेवून, टेबल हलवून पाहिले. रुंद टेकलेली वीट टिकते, उभी वीट कोसळते. गुरुत्वमध्य ही व्याख्या फळ्यावर लिहिली ती त्यानंतर.

इतिहासाच्या शिक्षकांनीही मग हे उचलले. राणीताल, चेरीताल, आधारताल या नावांत 'ताल' आहे, मग पाणी कुठे गेले? राणी दुर्गावती, तिची दासी आणि तिचा मंत्री आधारसिंह यांच्या नावांची ही तळी, असे परंपरा सांगते. जबलपूर म्हणजे बावन्न तळ्यांचे गाव, असेही म्हणतात. त्यांतली किती उरली, किती बुजली, हे विचारत मुले आपापल्या मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांकडे गेली. मोगल सैन्याशी लढताना १५६४ साली धारातीर्थी पडलेली राणी आता पुस्तकातल्या चित्रापुरती राहिली नाही. ती त्यांच्या पत्त्यात आली.

घरी काय करावे?

सगळ्याच शाळांत अशा बाई नसतात. साठ मुलांचा वर्ग, वेळापत्रक, निवडणुकीची कामे, जनगणना यांतून शिक्षकांनाही श्वास घ्यायला वेळ नसतो. त्यांना दोष देऊन काही होत नाही. पण घरी काही गोष्टी सहज करता येतात.

'आज काय शिकवलं?' असे न विचारता 'आज तू कोणता प्रश्न विचारलास?' असे विचारा. पहिले आठ दिवस उत्तर येणार नाही, नवव्या दिवशी येईल.

मुलाने काही विचारले तर लगेच मोबाइल उघडून उत्तर वाचून दाखवू नका. 'तुला काय वाटतं?' असे विचारून मनातल्या मनात तीन आकडे मोजा.

आपल्या कामातले काहीतरी मुलाला मोजायला, तोलायला, ठरवायला द्या. गॅसचे सिलिंडर किती दिवस पुरते, विजेचे बिल या महिन्यात का वाढले, दुधात साय कोणत्या दिवशी जास्त आली. यात चूक झाली तर बिघडत काही नाही आणि उत्तर मात्र खरे असते.

आणि शाळेत कुणी शिक्षक असे काही करत असतील, तर पालकसभेत त्यांच्या बाजूने निदान एक वाक्य बोला. चांगले प्रयोग बंद पडतात ते विरोधामुळे कमी आणि ज्यांना पटले आहे त्यांच्या गप्प बसण्यामुळे जास्त.

बाईंच्या वर्गाचा निकाल त्या वर्षी फार चढला नाही, उतरलाही नाही. रडून घरी गेलेली मुलगी पुन्हा पहिली आली. पण तिच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले आणि न खोडलेले सात चुकीचे अंदाज होते. बाईंना त्या सातांचे जास्त कौतुक वाटले. मागच्या बाकावरच्या मुलाला विज्ञानात पास होण्यापुरतेच गुण पडले. दगडाची पूड करायचे सुचणे आणि त्यावर पाच गुणांचे उत्तर लिहिणे यांत अजून बरेच अंतर आहे. ते अंतर तोडायचे तर बाईंना पुढल्या वर्षीही तोच वर्ग हवा आहे आणि त्यांनी तसा अर्ज केला आहे.

पालकसभेत उठलेल्या त्या गृहस्थांनी मुलीची ट्यूशन काही बंद केली नाही. मात्र फेब्रुवारीत एका शनिवारी ते शाळेत आले ते खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतच. मिलिमीटरचा दहावा भाग कसा वाचायचा, हे त्यांनी तासभर चाळीस मुलांना शिकवले. कागदाची जाडी, केसाची जाडी, वाटाण्याचा व्यास. केसाने दगा दिला, तो कॅलिपरच्या मापात येईना. "याला दुसरं हत्यार लागतं," ते म्हणाले. "कोणतं?" मुलांनी विचारले. उत्तर त्यांच्या ओठांवर आले होते. त्यांनी बाईंकडे पाहिले आणि ते गिळले.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "तुम्हांला काय वाटतं?"